सूर आणि भाववातावरण: कथा-कविता वाचताना नेमकं कुठे बोट ठेवायचं?

कथा वाचून झाली की "कशी वाटली?" या प्रश्नाला उत्तर चटकन येतं. "उदास वाटली." पुढचा प्रश्न आला की मात्र बोलणं थांबतं: "उदास कुठे वाटली? कोणत्या शब्दाशी?" लोकांबरोबर बसून कथा-कविता वाचताना मी हा दुसरा प्रश्न अनेक वर्षं विचारत आलो आहे आणि त्यानंतरची शांतता माझ्या चांगल्या ओळखीची आहे. वाचणाऱ्याला जे जाणवलेलं असतं ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. अडतं ते दाखवण्यापाशी. कथेने मनावर काय केलं हे कळतं, कसं केलं हे हाती लागत नाही.

हा लेख त्या 'कसं'साठी आहे. इथे सांगितलेली पद्धत एका हट्टावर उभी आहे. सूर म्हणा, वातावरण म्हणा, जे काही म्हणाल त्यासाठी पानावरच्या एखाद्या शब्दावर, विरामचिन्हावर, वाक्याच्या वळणावर बोट ठेवता आलं पाहिजे. ठेवता येत नसेल तर आणखी एकदा वाचायचं.

## आधी दोन गोष्टी वेगळ्या करू

सूर म्हणजे बोलणाऱ्याची वृत्ती. ज्या विषयाबद्दल तो बोलतो आहे आणि ज्याच्याशी बोलतो आहे, त्या दोघांकडे तो कसा बघतो हे सुरातून कळतं. भाववातावरण म्हणजे वाचताना आपल्याभोवती जे हळूहळू साचत जातं ते. सूर बोलणाऱ्याचा, वातावरण वाचणाऱ्याच्या मनातलं. दोन्ही एकाच रंगाची असतील असं नाही, आणि मला तर नसतात तेव्हाच वाचायला अधिक आवडतं.

एक छोटा उतारा घेऊ. या लेखातले सगळे उतारे समजावण्यासाठी मी स्वतः लिहिले आहेत, म्हणजे एखाद्या लेखकाचा मान किंवा त्याच्याबद्दल ऐकलेलं काही मध्ये येणार नाही.

"आजोबा गेले त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला काही ना काही काम आठवलं. काकाने तीन वर्षं बंद पडलेलं घड्याळ खोललं. आईने कपाट आवरायला काढलं. मला कुणी काही सांगितलं नाही, म्हणून मी जिन्यात बसून मुंग्या मोजल्या. एकशे बारा होत्या."

सूर कोरडा आहे, हिशेबी म्हणावा इतका सरळ. मूल नुसती माहिती देतं आहे. दुःख, रडणं, पोरकेपण यांतला एकही शब्द इथे नाही. आणि तरी वाचून झाल्यावर घशाशी काहीतरी येतं. मुलाने "मला खूप वाईट वाटत होतं" असं सांगून टाकलं असतं तर आपल्याला वाईट वाटायला जागाच उरली नसती. 'एकशे बारा' हा मला या उताऱ्यातला सगळ्यात दुःखी शब्द वाटतो. इतक्या मुंग्या मोजून होईपर्यंत त्या मुलाकडे कुणी फिरकलं नव्हतं.

आपल्या परंपरेला हा फरक चांगला ठाऊक होता. भरताच्या नाट्यशास्त्रात भाव (पात्राच्या मनातली भावना) आणि रस (त्यातून प्रेक्षकाला मिळणारा आस्वाद) यांचा वेगवेगळा विचार आहे. तिथे ८ स्थायी (मनात टिकून राहणारे), ३३ व्यभिचारी (येऊन-जाऊन असणारे) आणि ८ सात्त्विक (घाम, थरथर असे शरीरावर उमटणारे) असे एकूण ४९ भाव मोजले आहेत आणि विभाव (भाव जागवणारी कारणं), अनुभाव (भाव दाखवणारी बाहेरची चिन्हं) व व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसाची निष्पत्ती होते असं सूत्र दिलं आहे. पुढे नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याने रसाचं ठिकाण सहृदय, म्हणजे मनापासून समरस होणाऱ्या, प्रेक्षकाच्या आस्वादात दाखवलं. नाट्यशास्त्रात आणखी एक शब्द येतो, तो आपल्या कामाला फार उपयोगी आहे: काकु. आवाजाच्या फेराने वाक्याचा अर्थ पालटणं म्हणजे काकु. "तू जाणार" हे तीन प्रकारे म्हणून पाहा. एकदा ती माहिती होते, एकदा प्रश्न, एकदा ताकीद.

आता अडचण अशी की छापलेल्या पानाला आवाज नसतो. नट नाही, त्याचा चेहरा नाही. मग लेखक आपली काकु ठेवतो कुठे? पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे त्या जागांचा शोध आहे.

## पहिली पायरी: नाव झाका आणि मोठ्याने वाचा

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी एक साधा प्रयोग केला होता. कवीचं नाव न सांगता विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवायच्या आणि त्यांना मोकळेपणाने लिहायला सांगायचं. त्यातून १९२९ साली त्यांचं 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक आलं. भाषेत अर्थ, भावना, सूर आणि हेतू असे चार पदर एकत्र विणलेले असतात ही मांडणी त्याच पुस्तकातली. सूर म्हणजे बोलणाऱ्याची ऐकणाऱ्याकडे बघण्याची वृत्ती, असं तिथे म्हटलं आहे. पण त्या पुस्तकाचा मला खरा धडा वाटतो तो वेगळा. नाव काढून घेतलं की चांगल्या शिकलेल्या वाचकांचाही तोल जातो, कारण एरवी आपण कविता कमी आणि कवीची कीर्ती जास्त वाचत असतो.

म्हणून नाव झाका. मग मजकूर मोठ्याने वाचा, पण नाटकी वाचन नको. साध्या आवाजात वाचायचं आणि आवाज आपोआप कुठे खाली येतो, कुठे घाई होते, कुठे श्वास पुरत नाही एवढंच लक्षात ठेवायचं. वाचून होताच, विचार करायच्या आत, समासात एक शब्द लिहून ठेवा: उदास, बेचैन, हलकं, भीती, काहीही. हा शब्द म्हणजे निकाल समजू नका. तो पुढे तपासायचा आहे आणि अनेकदा खोडावाही लागतो.

## दुसरी पायरी: कोण बोलतंय आणि कुणाशी

'लेखक म्हणतो' हे शब्द जिभेवर आले की थांबा. कथेत बोलणारा निवेदक असतो, लेखकाने उभा केलेला. तो खोटारडा असेल, लहान मूल असेल, लेखकाला मुळीच न पटणारं काहीतरी बोलत असेल. कवितेतल्या 'मी'चंही तसंच. बोलणारा ठरला की समोर कोण आहे ते शोधा. स्वतःशी बोलणं, पत्र, कबुली, साक्ष, तक्रार: प्रत्येकाचा सूर निराळा.

मराठी वाचणाऱ्याला इथे एक मोठी सोय आहे. आपली सर्वनामं आणि क्रियापदं नातं उघड करतात. तू, तुम्ही, आपण यांतलं काय वापरलं आहे हे तर बघाच, पण तृतीय पुरुषातला मान आवर्जून बघा. निवेदक एखाद्या पात्राला 'ते' म्हणतो की 'तो'?

"साहेब आले. नेहमीसारखे हसले. फाईल उघडून त्यांनी माझं नाव वाचलं आणि लाल पेन उचललं. मग साहेब म्हणाला, बस."

पहिल्या तीन वाक्यांतलं 'आले', 'हसले', 'त्यांनी' शेवटच्या वाक्यात 'म्हणाला' होतं. राग आला असं कुठेही लिहिलेलं नाही. एका क्रियापदातून मान काढून घेतला आणि तेवढ्यात सगळं नातं बदललं. अशी जागा सापडली की पेन्सिलीने गोल करा. सुराचा बदल दाखवायला याहून चांगला पुरावा मिळत नाही.

'आपण' हा शब्दही नीट तपासा. "आपण चुकलो" मध्ये वाचकाला आत ओढलेलं असतं, "आम्ही चुकलो" मध्ये त्याला बाहेर उभं केलेलं असतं.

## तिसरी पायरी: शब्द बदलून पाहा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. एखादा शब्द सुराला जबाबदार आहे असा संशय आला की तो काढून त्याच अर्थाचा दुसरा ठेवायचा. वाक्याचा चेहरा बदलला तर संशय खरा.

मरण्यासाठी मराठीत किती क्रियापदं आहेत ते आठवा. तो मेला. तो वारला. तो गेला. त्यांचं निधन झालं. ते निवर्तले. तो देवाघरी गेला. त्याने प्राण सोडला. तो खपला. तो संपला. घटना एकच. पण 'निधन झालं' हे दूर उभं राहून, अदबीने सांगितलेलं आहे. 'गेला' मध्ये जवळीक आहे आणि शब्द उच्चारायची भीतीही. 'खपला' म्हणणाऱ्याला त्या माणसाची किंमत नाही, किंवा माणसं मोजायच्या पलीकडे गेली आहेत. 'संपला' म्हणणारा बहुधा थकलेला आहे. लेखकाने यांतून एकच निवडलं, म्हणजे बाकीची सोडली. सोडलेल्या शब्दांची यादी समोर असेल तर निवडलेला शब्द जास्त नीट ऐकू येतो.

नाम आणि विशेषणांपेक्षाही सूर लपतो तो अगदी बारक्या शब्दांत. 'त्याने मदत केली' हे वाक्य घ्या आणि त्याला एकेक शेपूट जोडत जा.

"त्यानेच मदत केली." इतर सगळे उघडे पडले.

"त्याने मदतही केली." आधी त्याने काहीतरी वेगळं केलेलं आहे, बहुधा बरं नसलेलं.

"त्याने म्हणे मदत केली." बोलणाऱ्याचा विश्वास नाही, आणि आपलाही उडतो.

"त्याने मदत केली खरी." पुढे 'पण' येणार हे आत्ताच कळलं.

"त्याने मदत केली ना!" कुणीतरी त्याच्यावर आरोप करतं आहे आणि बोलणारा त्याची बाजू घेतो आहे.

च, ही, म्हणे, खरा, ना, की, तर, बरं, उगाच, बापडा. कथेचं एक पान घेऊन नुसते हे शब्द अधोरेखित केले तरी निवेदकाचा स्वभाव अर्धा कळतो. शाळेत आपण त्यांना अव्यय म्हणून बाजूला ठेवलं. साहित्य वाचताना त्यांना मध्यावर आणावं लागतं.

तसंच दुहेरी क्रियापदांचं. पत्र लिहिलं, ही बातमी. पत्र लिहून टाकलं: एक ओझं उतरलं किंवा विचार न करता गोष्ट झाली. लिहून ठेवलं: कधीतरी लागेल म्हणून. लिहून दाखवलं: कुणीतरी तुला जमणार नाही म्हणालं होतं. आणि "पत्र लिहून बसला" म्हटलं की पश्चात्ताप आला. मुख्य क्रिया लिहिण्याची, पण बोलणाऱ्याचं मत त्या दुसऱ्या, किरकोळ दिसणाऱ्या क्रियापदात आहे.

शब्दाचं कूळही बघा. एकाच परिच्छेदात 'अश्रू' आहेत की 'पाणी', 'गृह' आहे की 'घर', 'विलाप' आहे की 'आक्रोश' की नुसतं 'रडणं'? संस्कृत वळणाचा शब्द आला की बोलणारा उंचावर उभा राहतो, कधी आदराने, कधी अंतर राखण्यासाठी. हा कायदा मात्र समजू नका. सगळा मजकूर तशाच भाषेत असेल तर त्यातल्या एका तत्सम शब्दाला वेगळं वजन उरत नाही. शेजारच्या शब्दांहून जो वेगळा पडतो तो शब्द बोलतो.

## चौथी पायरी: वाक्याची चाल

मराठीत शब्दांचा क्रम बराच मोकळा आहे आणि त्या मोकळिकीचा लेखक फायदा घेतात. "तो शेवटी आला" हे निवेदन आहे. "आला शेवटी तो" यात सुटकेचा श्वास आहे, किंवा चीड. क्रियापद पुढे आलं की बोलण्याचा आवाज मजकुरात शिरतो.

काळाकडेही लक्ष द्या, विशेषतः भूतकाळातल्या सवयी सांगणाऱ्या रूपांकडे. "तो रोज यायचा" हे आठवणीतलं, गप्पांतलं. "तो रोज येत असे" यात थोडं अंतर आणि व्यवस्थितपणा आहे. "तो रोज येई" म्हटलं की जुन्या कहाणीचा पडदा पडतो, माणूस आता फार लांब गेला आहे. आठवण सांगताना निवेदक मध्येच 'यायचा' सोडून 'येतो' वर आला तर थांबा. भूतकाळ त्याच्यासाठी पुन्हा चालू झालेला असतो.

आणि कर्त्याशिवायची वाक्यं. "त्याला काढून टाकण्यात आलं." कुणी? वाक्य सांगत नाही. कार्यालयीन कोरडेपणा हवा असेल तेव्हा लेखक हे मुद्दाम करतो, आणि क्रूर प्रसंगात हा कोरडेपणा अंगावर येतो.

वाक्याच्या लांबीबद्दल थोडक्यात: छोटी वाक्यं म्हणजे ताण आणि लांब वाक्यं म्हणजे संथपणा, हे समीकरण पाठ करू नका. धापा टाकत, 'आणि' 'आणि' करत पळणारं लांब वाक्य कुठल्याही तुटक वाक्यापेक्षा जास्त घाबरवू शकतं. चाल कुठे मोडते ते बघा. दहा लांब वाक्यांनंतर आलेलं दोन शब्दांचं वाक्य, तिथे बोट ठेवा.

## पाचवी पायरी: वातावरण कशाचं बनलं आहे

आता सुराकडून वातावरणाकडे वळू. रसविचारात विभावाचे दोन भाग करतात. ज्याच्याविषयी भाव जागतो ते आलंबन, आणि जे त्या भावाला चेतवतं ते उद्दीपन. चांदणं, ओसाड जागा, दूरचा आवाज, ऋतू ही सारी उद्दीपनं. आजच्या कथेतलं भाववातावरण शोधताना मला हे उद्दीपन विभावाचं भिंग अजूनही सगळ्यात कामाचं वाटतं. उताऱ्यातल्या वस्तू, उजेड, आवाज, वास आणि तापमान यांची समासात नुसती यादी करा. मग विचारा: एवढ्या मोठ्या खोलीतलं नजरेने हेच का उचललं?

"खोलीत सकाळचं ऊन आलं होतं. खिडकीतल्या कुंडीला नवा कोंब फुटला होता. टेबलावर कालचं वर्तमानपत्र अर्धवट दुमडलेलं होतं, जणू कुणी आत्ताच उठून गेलं होतं."

"खोलीत ऊन आलं होतं. त्यात धूळ दिसत होती. टेबलावर कालचं वर्तमानपत्र होतं, आणि त्याच्याखाली परवाचं, आणि त्याच्याखाली."

तीच खोली, तेच ऊन, तेच वर्तमानपत्र. पहिल्यात ऊन कोंबापाशी नेतं, दुसऱ्यात धुळीपाशी. शिवाय दुसऱ्यातलं शेवटचं वाक्य पूर्ण होतच नाही. ते तुटणं हेच वातावरण आहे. तेव्हा 'ऊन म्हणजे आनंद, पाऊस म्हणजे दुःख, अंधार म्हणजे भीती' असं कोष्टक कुणी हातात दिलं तर घेऊ नका. पाऊस सुटकेचाही असतो, अंधार कुशीचाही. निसर्गाला माणसाच्या भावना दिलेल्या आढळल्या तर शाळेतला चेतनगुणोक्ती हा शब्द तुम्हाला आठवेल. अलंकाराचं नाव सांगून मात्र थांबायचं नाही. वारा 'कुजबुजतो' की 'दार ठोठावतो' की 'हाका मारतो', यांत तीन वेगळ्या कथा आहेत.

एक धोका इथे नक्की सांगायला हवा, कारण मी स्वतः त्यात अनेकदा सापडलो आहे. रेल्वेच्या फलाटाचं वर्णन वाचलं की मला एक विशिष्ट निरोप आठवतो आणि कथा कशीही असो, ती मला हळवी वाटू लागते. ते वातावरण कथेचं नसतं, माझं असतं. रिचर्ड्स यांना विद्यार्थ्यांच्या लेखनात ही खासगी आठवणींची घुसखोरी सारखी दिसली होती. त्याच्या कितीतरी आधी, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास, अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्नं सांगितली, त्यांतलं एक आपल्याच सुखदुःखात गुरफटून जाणं हे आहे. उपाय साधा आहे. "मला असं वाटलं" याच्यापुढे 'कारण' लिहायचं आणि कारण मजकुरातलं आहे की आयुष्यातलं ते प्रामाणिकपणे बघायचं. आयुष्यातलं असेल तर ते मनाशी जपा, विश्लेषणात आणू नका.

## सहावी पायरी: सूर कुठे वळतो

संपूर्ण कथेचा एकच सूर सांगणं बहुतेक वेळा चूक ठरतं. चांगल्या लेखनात सूर वळतो आणि त्या वळणावर बरंच काही घडतं. पण, तरी, मात्र, आता, एकदा, आणि मग: हे शब्द पाट्यांसारखे असतात. मोकळी सोडलेली ओळ हीही पाटीच.

कवितेत वळणाची जागा कधीकधी रचनेनेच ठरवलेली असते. १४ ओळींच्या सुनीतात ८ आणि ६ अशी विभागणी असेल तर नवव्या ओळीशी कान टवकारायचे. शेवटी दोन ओळींची जोडी सुटी असेल तर वळण तिथे असण्याची शक्यता मोठी. अभंगाच्या शेवटी कवी स्वतःचं नाव घेतो, तिथेही सूर अनेकदा सरळ, निर्णायक होतो. गझलेत प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र असू शकतो, म्हणून तिथे सगळ्या गझलेला एकच भाव चिकटवण्याची घाई नको.

वळण सापडलं की वळणाआधीचा एक शब्द आणि नंतरचा एक शब्द असे शेजारी लिहा. 'आर्जवी' आणि मग 'तुटक'. पुढचं बरंचसं विश्लेषण त्या दोन शब्दांच्या मधल्या जागेतून निघतं.

## सातवी पायरी: शब्द एक आणि बोल दुसरा

उपरोध ओळखणं नव्या वाचकाला सगळ्यात जड जातं. पुढचा उतारा पाहा.

"सरपंचांचं मन फार मोठं. पूर आला त्या रात्री ते स्वतः माडीवर उभे होते आणि बुडणारी घरं एकेक करून मोजत होते."

परीक्षा अशी: बोलणाऱ्याने केलेलं मूल्यमापन आणि त्याने सांगितलेली घटना वेगळी काढा. मूल्यमापन म्हणतं, मन मोठं. घटना म्हणते, माणूस सुरक्षित जागी उभा राहून बघत होता. दोन्ही जुळत नाहीत तेव्हा घटनेवर विश्वास ठेवायचा. 'स्वतः' हा शब्द इथे खास बघा. एरवी तो कौतुकाचा शब्द आहे, इथे तोच सगळ्यात जास्त बोचतो. आपल्या अलंकारशास्त्रात याला व्याजस्तुती म्हणतात, वरून स्तुती आणि आतून निंदा, किंवा याच्या उलट.

उपरोध, उपहास आणि विडंबन एकाच पोत्यात घालू नका. उपरोधात म्हणायचं असतं वेगळं. उपहासात समोरच्याला हसून कमी लेखलेलं असतं आणि ते सरळ शब्दांतही करता येतं. विडंबनात मूळ शैलीची नक्कल असते.

## आठवी पायरी: नेमकं नाव द्या

आता पहिल्या पायरीत समासात लिहिलेल्या शब्दाकडे परत या. तो 'उदास' असेल तर विचारा, कसली उदासी? खिन्न माणसाचं काहीतरी हुकलेलं असतं. विषण्ण माणसाला त्यावर इलाज दिसत नाही. हुरहुर लागते तेव्हा अजून वाट बघणं चालू असतं. कातर सुरात भीती आणि माया एकत्र थरथरतात. व्याकूळ माणूस गप्प बसू शकत नाही, हताश माणूस बोलू शकत नाही. हे भेद शब्दकोशातल्या व्याख्या म्हणून घेऊ नका, मी वापरताना ते असे वापरतो. तुमचे थोडे वेगळे असतील. भेद करायची सवय मोलाची.

सुरासाठी हाताशी असावेत असे काही शब्द: मिश्कील, तटस्थ, संयत, आर्जवी, करवादलेला, अधिकारवाणीचा, जिव्हाळ्याचा, भाबडा, तुच्छतेचा, सावध, कबुलीचा. 'छान', 'भावनिक', 'हृदयस्पर्शी' टाळा. ते वाचणाऱ्याबद्दल सांगतात, मजकुराबद्दल काहीच नाही. आणि एका शब्दात भागत नसेल तर दोन घेऊन मध्ये 'पण' ठेवा: मिश्कील पण सावध, कोरडा पण मायेचा. त्या 'पण'मुळे कितीदा तरी उत्तर खरं होतं.

आणखी एक चूक फार दिसते. विषयालाच सूर समजणं. मृत्यूवरची कविता म्हणजे दुःखी सूर, लग्नाची कथा म्हणजे आनंदी, असं नसतं. आजोबा गेले त्या उताऱ्याने ते आधीच दाखवलं आहे.

## सगळं एकत्र: एक उतारा शेवटपर्यंत

"बाबांची खोली आम्ही होती तशीच ठेवली आहे. म्हणजे खिडकी बंद असते. चष्मा टेबलावर आहे, काचा रोज पुसते मी. पुसलेल्या बऱ्या. येणारे विचारतात, आता या खोलीचं काय करणार? काय करायचं असतं खोलीचं? परवा दादा आला होता, टेप घेऊन. भिंत मोजायची म्हणाला. मोजू दे. मी टेपचं दुसरं टोक धरलं."

बोलणारी मुलगी आहे, 'पुसते मी' वरून कळतं. पहिल्या वाक्यात ती 'आम्ही' म्हणते, खोली जपण्याचा निर्णय साऱ्या घराचा असल्यासारखा. तिसऱ्या वाक्यापर्यंत 'आम्ही'चं 'मी' झालेलं आहे. प्रत्यक्षात जपणारी ती एकटीच. हे तिने सांगितलेलं नाही, सर्वनामाने सांगितलं.

'म्हणजे खिडकी बंद असते' यातला 'म्हणजे' आधीच्या वाक्याला दुरुस्त करतो. होती तशीच, असं ती म्हणाली खरी, पण बाबा असताना खिडकी उघडी असणार. 'पुसलेल्या बऱ्या' हे वाक्य कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे, बचावाचं. 'काय करायचं असतं खोलीचं?' हा प्रश्न माहितीसाठी नाही. इथे काकु आहे, आणि 'करायचं असतं' या सर्वसाधारण रूपामुळे त्यातला राग कुण्या एकावर न पडता हवेत राहतो. 'टेप घेऊन' हे क्रियापदानंतर, स्वल्पविराम देऊन आलं आहे. दादा आला याहून टेप आली हे तिला टोचलं. 'मोजू दे' मध्ये परवानगी आहे की हार, हे वाक्य ठरवू देत नाही. आणि शेवटची कृती: ती विरोध करत नाही, मदत करते. तिथे 'पण' नाही, 'तरी' नाही, कसलंही स्पष्टीकरण नाही.

हेच लिहायचं झालं तर मी असं लिहीन: "निवेदिकेचा सूर तुटक आणि बचावाचा आहे, पण तक्रारीचा नाही. 'पुसलेल्या बऱ्या' आणि 'मोजू दे' या अपुऱ्या वाक्यांतून ती स्वतःलाच समजावत राहते. बंद खिडकी, रोज पुसलेला चष्मा आणि शेवटी येणारी टेप या वस्तूंमुळे वाचकाभोवती आधी थिजलेली शांतता जमते आणि मग ती मोजली जाऊ लागते. टेपचं टोक धरण्याच्या कृतीत सूर आणि वातावरण एकमेकांपासून दूर जातात: सांगणं साधं राहतं, वाचकाला मात्र काहीतरी हातातून सुटल्यासारखं वाटतं." सुराचं नाव, दोन पुरावे, वातावरणाचं नाव, त्याचे पुरावे, मग दोघांचं नातं. परीक्षेत असो की स्वतःच्या वहीत, चार वाक्यं पुरतात.

याच्यापुढचा सराव लिहून करायचा आहे. हीच घटना दादाच्या तोंडून आठ-दहा वाक्यांत लिहा. खोली तीच, टेप तीच, बहीण दुसरं टोक धरून उभी. त्याला वाईट मात्र ठरवू नका, त्यालाही कारणं असतील. लिहून झालं की दोन्ही उतारे शेजारी ठेवून पाहा: दादा 'आम्ही' कुठे म्हणतो, बहिणीच्या 'मोजू दे'च्या जागी त्याच्याकडे कोणता शब्द येतो, आणि टेबलावरचा चष्मा त्याला दिसतो का. दिसला असेल, तर त्याच्या काचा पुसलेल्या आहेत हे त्याच्या लक्षात येतं का.